तह वाचायला घेताय? सालबाईपासून सुरुवात करा

शंभर तहांची यादी पाठ करत बसू नका. एकच नीट धरा: सालबाई, मराठे आणि इंग्रजांचा. सही १७ मे १७८२ ला, पण नाना फडणवीसांची मान्यता थेट फेब्रुवारी १७८३ मध्ये. मधल्या डिसेंबरात इंग्रजांशी लढणारा म्हैसूरचा हैदरअली वारला. या उशिराच्या मागे लागा, अर्धं राजकारण तिथेच कळेल.

नवख्यांच्या चुका ठरलेल्या:
- सही झाली म्हणजे तह पक्का, असं धरणं.
- 'पुरंदरचा तह' म्हणजे फक्त १६६५. दुसरा १७७६ चा, इंग्रजांशी! (मीही आपटलोय.)
- मैत्रीची गोड कलमं वाचून थांबणं. आधी मुलूख आणि पैसा बघा: साष्टी इंग्रजांकडेच राहिली, पेशवेपदासाठी इंग्रजांकडे गेलेल्या राघोबादादांना महिना २५,००० रुपये.

मोडी, फारसी मसुदे नंतर. आज नकाशात साष्टी शोधा, अंधेरी-बोरिवली तिथलीच.