पंप ‘बंद’ करावा की ‘निष्क्रिय’?

प्रश्न : भोसरीत शेतीपंपाचे कंट्रोलर बनवतो. सीरियल कमांडना, म्हणजे तारेवरून त्याला पाठवायच्या लिखित आज्ञांना, मराठी नावे द्यायची आहेत. ‘बंद’ फारसी आहे, त्याऐवजी ‘निष्क्रिय’ घ्या, असा सल्ला मिळाला. काय करू?

उत्तर : ‘निष्क्रिय’ मुळीच नको. ‘अक्षम करा’ही नको, ते ऐकून कान किटले आहेत. मराठी माणूस पंप थांबवतो. शिवाय यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवायच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. वेलांट्या आणि पाय मोडल्याच्या खुणा धरून ‘निष्क्रिय’ची चिन्हे ९, म्हणजे २७ बाइट. बफर, म्हणजे कमांड साठवायची जागा, १६ बाइटचा असेल, तर शब्द संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्याची जागा सोडून ‘निष्क’ एवढेच उरते. निष्क म्हणजे प्राचीन सोन्याचे नाणे!

आता ‘बंद’. फारसी खरा, पण परका नाही. ‘बस्तन’ म्हणजे बांधणे, त्यातून तो आला. संस्कृत ‘बन्ध्’चा चुलतभाऊच. बाराबंदीचे बंद आठवा : गाठ मारायच्या नाड्या. गाठीने दोन टोके जोडली जातात आणि पखालीचे तोंडही आवळले जाते. म्हणूनच स्विचमधला कॉन्टॅक्ट बंद झाला की करंट वाहतो आणि नळ बंद झाला की पाणी अडते. दोन्ही अर्थ त्या एका गाठीतच आहेत, असे माझे ठाम मत आहे. ‘बंद’ला हाकलणारी शुद्धिवादी मंडळी ‘सुरू’ मात्र बिनदिक्कत वापरतात. तो तर अरबी ‘शुरूअ’.

तरीही कमांडच्या नावात एकटा ‘बंद’ ठेवू नका, तो या दोन अर्थांमुळे. एनसी, म्हणजे नॉर्मली क्लोज्ड, सोलेनॉइड (विजेवर उघडमीट होणारा) व्हॉल्व्ह वीज नसताना पाणी अडवतो. इमर्जन्सी स्टॉपचा एनसी कॉन्टॅक्ट मात्र बटण दाबलेले नसताना करंट जाऊ देतो. ‘स्टॉप_बंद = १’ वाचून एक जण म्हणेल स्टॉप दाबलाय, दुसरा म्हणेल सर्किट जुळलेले आहे. ‘स्टॉप_जोड = १’ लिहा. तार तुटली तरी ० येईल आणि पंप थांबेल.

बटणावर नुसते ‘चालू’ लिहिणेही तसलेच. पंप चालू आहे, की दाबल्यावर होईल? ‘चालू’तला ‘ऊ’ ‘लागू’तला, स्थिती सांगणारा, तो स्थितीपुरताच ठेवा. कमांड ‘चालव’ आणि ‘थांबव’. चालणे-चालवणे, थांबणे-थांबवणे : हा प्रयोजकाचा ‘व’ मराठीचे वैभव आहे, करवून घेणारा कोणी आहे हे एका अक्षरात सांगतो. ‘थांबव’चे १५ बाइट, शून्यासकट १६ मध्ये चपखल. ‘थांबवा’ केलेत की १८. यंत्राला अहो-जाहो लागत नाही. व्हॉल्व्हला ‘सोड’ आणि ‘अडव’. पाणी सोडणे तर पुण्यात रोजच्या बोलण्यातले.

‘बंद’ लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदींत, ठेवा, पण क्रियापदासकट. कमांडने थांबला तर ‘थांबवला’, ओव्हरलोडने तर ‘ट्रिप झाला’, आणि कंट्रोलरला कारणच सापडले नाही तर ‘बंद पडला’.