मूळव्याध समजून मलम लावत बसू नका

प्रश्न : ताई, मिस्टर ४८ वर्षांचे, एचआयव्हीच्या गोळ्या बरीच वर्षं चालू, सीडीफोर (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) पण चांगला आहे. पण तीन महिने झाले संडासला रक्त पडतंय. मेडिकलवाल्याने मूळव्याधीची ट्यूब दिलीय, तीच लावतात, डॉक्टरकडे जायला लाजतात. काय करू?

उत्तर : आधी ती ट्यूब बाजूला ठेवा. मूळव्याध असेलही, पण एचआयव्ही असलेल्यांना गुदद्वाराच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, सीडीफोर चांगला असला तरी पूर्ण जात नाही, कारण त्यामागे बहुतेक वेळा एचपीव्ही व्हायरस असतो आणि एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, त्याला मारत नाही. सर्जनकडे न्या. बोटाने तपासणं, प्रॉक्टोस्कोपी (छोट्या नळीतून आत बघणं), पाच मिनिटांचं काम आहे हो, गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर तुकडा काढून तपासतील. कॅन्सर लवकर सापडला तर बऱ्याचदा ऑपरेशनही लागत नाही, केमो आणि रेडिएशन एकत्र देतात. एचआयव्ही आहे हे लपवू नका, आणि एआरटी मनाने बंद तर अजिबात नको. एचआयव्हीच्या गोळ्यांत डोल्युटेग्राविर हे औषध असेल तर अ‍ॅसिडिटीचं जेलुसिल वगैरे सोबत घेऊ नये, गोळीनंतर दोन तासांनी घ्यावं.