औषधी, औषधीय की ओषधी? निमित्त नेच्यांचं

प्रश्न असा आहे: ‘रानटी खाद्य नेच्यांचे औषधीय गुणधर्म’ हे शीर्षक बरोबर आहे का? ‘औषधीय’ लिहावं की ‘औषधी’, आणि ‘ओषधी’ हा वेगळा शब्द आहे का? (नेचा म्हणजे फर्न.)

‘औषधीय’ चुकीचं नाही. ‘औषध’ला संस्कृतातला ‘ईय’ लागला, इतकंच. पण मराठीत जंगलावरून जंगली, सरकारवरून सरकारी, तसं औषधावरून औषधी होतं आणि तेवढ्यावर काम भागतं. ‘औषधीय’ला हिंदी पाठ्यपुस्तकाचा वास येतो. मी तरी तो टाळतो.

‘ओषधी’ मात्र निराळा. हे स्त्रीलिंगी नाम, अर्थ वनस्पती. ‘औषध’ त्याच्यापासून निघालं. मनुस्मृतीत व्याख्याच दिली आहे, ‘ओषध्यः फलपाकान्ताः’. फळ पिकलं की जिचं आयुष्य संपतं ती ओषधी, म्हणजे भात, गहू वगैरे. ही व्याख्या काटेकोरपणे लावली तर नेचा तिच्यात बसतच नाही. त्याला फूल नाही, फळ नाही, बीही नाही. पानांच्या पाठीवरच्या तपकिरी ठिपक्यांतून सुटणाऱ्या बीजाणूंवर त्याचा वंश चालतो. तेव्हा नेचा औषधी असेल, पण ओषधी नव्हे!

प्रत्ययापेक्षा मला खटकतं ते हे, की ‘खाद्य’ आणि ‘औषधी’ ही दोन्ही विशेषणं एकाच नामाच्या गळ्यात घातली आहेत. नेचा ही काही एक वनस्पती नाही, दहा हजारांहून अधिक जातींचा गट आहे. त्यात औषध म्हणून सर्वांत गाजला तो ड्रायॉप्टेरिस फिलिक्स-मास. त्याच्या मूलक्षोडाचा, म्हणजे जमिनीतल्या खोडाचा अर्क पट्टकृमी, म्हणजे आतड्यातले चपटे जंत पाडायला शतकानुशतकं देत आले. तो औषधकोशांतही होता. पण मात्रा वाढली तर रुग्णाची दृष्टी जाण्याची भीती असे, म्हणून अधिक सुरक्षित औषधं आल्यावर तो मागे पडला. हा नेचा औषधी खरा, खाद्य नव्हे. हंसराजही खोकल्यासाठी प्रसिद्ध आहे, भाजीसाठी नाही.

खातात ते दुसरेच. डिप्लॅझियम एस्क्युलेंटम, ऑस्ट्रिच फर्न, ब्रॅकन यांचे घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले कोवळे कोंब. आणि तिथेही ‘खाद्य’ म्हणजे ‘शिजवून खाद्य’. १९९४ साली न्यूयॉर्क आणि पश्चिम कॅनडात ऑस्ट्रिच फर्नचे कच्चे किंवा अर्धवट शिजलेले कोंब खाऊन अनेकांना उलट्या-जुलाब झाले होते. कॅनडाच्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे की ते १५ मिनिटं उकळावेत किंवा १० ते १२ मिनिटं वाफवावेत आणि पाणी फेकून द्यावं.

ब्रॅकन तर विशेषणांची परीक्षाच पाहतो. त्यातलं थायमिनेज हे विकर (एन्झाइम) ब१ जीवनसत्त्वाचा नाश करतं. ते उष्णतेने निष्प्रभ होतं. पण त्यातच टॅक्विलोसाइड नावाचं कर्करोगकारक द्रव्य आहे. सोडा घालून उकळल्यावर ते बरंच घटतं, पूर्ण जातंच असं नाही. ब्रॅकन चरणाऱ्या गुरांना मूत्राशयाच्या गाठी होतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या नेच्याला २ब गटात, म्हणजे माणसाला कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्यांत ठेवलं आहे. याला नुसतं ‘खाद्य’ म्हणणंही मला जड जातं, ‘औषधी’ तर दूरच.

मग कोंबांतली जीवनसत्त्वं, अँटिऑक्सिडंट यांचं काय? त्यासाठी मराठीत ‘पोषक’ हा चांगला शब्द आहे. परीक्षानळीत एखाद्या अर्काने जिवाणूंची वाढ रोखली, तर अर्क जिवाणुरोधक ठरला; भाजी औषधी ठरली नाही. कोणता भाग, किती मात्रेत, कोणत्या विकारावर हे सांगता येत असेल तिथेच ‘औषधी’ वापरावं. तुमच्या लेखात दोन्ही प्रकारचे नेचे असतील तर ‘रानातले नेचे: काही खाद्य, काही औषधी’ असं लिहिता येईल.

जाता जाता, ‘नेच्यांचे’ हे रूप तुम्ही अचूक लिहिलंय. पुष्कळ ठिकाणी ‘नेचाचे’ दिसतं. ‘जा’ने संपणाऱ्या पुल्लिंगी शब्दांचं सामान्यरूप ‘जा’च राहतं (दरवाजा, दरवाजाला), ही सवलत ‘चा’ला नाही, साचा-साच्याला तसं नेचा-नेच्याला. ‘नेचाभ पादप’, म्हणजे नेच्यासारख्या वनस्पती, या परिभाषेतल्या शब्दात मात्र ‘नेचा’ तसाच राहिला, कारण तिथे विभक्ती नाही, ‘आभ’शी समास आहे. मराठी ‘नेचा’ला संस्कृत ‘आभ’ जोडलेलं पाहून नाक मुरडणारे आहेत. मला ती जोडी आवडते.