मोशन डिटेक्शन लावताना सेन्सिटिव्हिटीचा आकडा शेवटी ठरवावा

दारावरच्या कॅमेऱ्यातून दिवसभर नको तितक्या सूचना येतात, माणूस खरोखर आला तेव्हा मात्र मोबाइल गप्प राहतो, तर सेन्सिटिव्हिटी (किती लहानशा हालचालीवर सूचना यावी, हे ठरवणारे सेटिंग) नेमकी किती ठेवावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हा आकडा सर्वांत शेवटी ठरवावा, कारण दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा कॅमेऱ्याच्या जागेत असते.

सतत वीजजोडणीवर चालणारे बरेच कॅमेरे लागोपाठच्या चित्रांची तुलना करून किती भाग बदलला एवढेच पाहतात. त्यामुळे हलणारी फांदी, सरकणारी सावली किंवा गाडीच्या दिव्यांचा झोत हीदेखील त्यांच्या लेखी हालचालच ठरते. बॅटरीवरच्या कॅमेऱ्यांत बहुधा उष्णतेतला बदल टिपणारा पीआयआर सेन्सर असतो. त्याच्यासमोरून आडवा जाणारा माणूस त्याला चटकन कळतो, पण थेट त्याच्याच दिशेने चालत येणारा उशिरा कळतो, आणि आपला माणूस निसटण्याचे कारण कदाचित हेच असावे. असा कॅमेरा वाटेच्या समोर न लावता बाजूला लावावा. खिडकीच्या काचेआड तर या सेन्सरचा जवळजवळ उपयोगच नसतो.

कॅमेरा साधारण अडीच ते तीन मीटर उंचीवर, किंचित खाली झुकवून बसवावा. मग अॅपमध्ये डिटेक्शन झोन, म्हणजे चित्रातल्या ज्या भागातली हालचाल टिपायची तो भाग, आखताना रस्ता आणि झाडे वगळून दारापुढची वाट तेवढी ठेवावी. त्यानंतर सेन्सिटिव्हिटी मध्यावर ठेवून घरातल्या कोणाला तरी पाहुण्यासारखे चालत यायला सांगावे आणि आकडा एकेक पायरीने वरखाली करावा.

हीच चाचणी अंधार पडल्यावर पुन्हा करणे आवश्यक आहे. रात्री कॅमेऱ्याभोवती किडे जमतात, त्यांच्या मागोमाग कोळी येतो, आणि कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात लेन्ससमोरचा जाळ्याचा एखादा धागाही पांढराशुभ्र चमकत वाऱ्याने हलला की रात्रभर सूचना येत राहतात. सेन्सिटिव्हिटी कमी करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. जाळे पुसून काढावे आणि दारात दिवा जळत असेल तर कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे बंद करून पाहावेत.

माणूस ओळखण्याची सोय असेल तर ती फक्त सूचनांपुरती वापरावी आणि रेकॉर्डिंग मात्र सर्व हालचालींचे चालू ठेवावे, म्हणजे ओळख चुकली तरी चित्रण हाती राहते. बॅटरीचा कॅमेरा असल्यास एका रेकॉर्डिंगनंतर दुसरे सुरू होण्याआधी कॅमेरा सक्तीने किती वेळ थांबतो, हेही सेटिंगमध्ये पाहावे. तो वेळ मोठा असेल तर मांजराचे रेकॉर्डिंग झाल्यावर लगेच आलेला माणूस टिपलाच जात नाही.