पवित्र साक्रामेंताच्या भक्तीसाठी ओळखले जाणारे कॅथलिक संत कोण?

अशा भक्तीसाठी, म्हणजे येशूचं शरीर मानल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीच्या भक्तीसाठी, प्रसिद्ध असलेले संत बरेच आहेत, पण एकच नाव हवं असेल तर मी संत पास्काल बायलोन यांचं सांगेन. जन्म 1540 चा, स्पेनमधल्या आरागॉन प्रांतात. घरची गरिबी, त्यामुळे लहानपणापासून मेंढ्या राखणं नशिबी आलं. कळप सोडून रोज मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाणं शक्य नव्हतं. मग गावातल्या चर्चची घंटा ऐकू आली की ते माळरानावरच, चर्चकडे तोंड करून गुडघे टेकत. वाचायलाही ते मेंढ्या राखता राखताच शिकले, असं सांगतात.

पुढे ते फ्रान्सिस्कन मठात गेले. धर्मगुरू मात्र झाले नाहीत. साधे ब्रदर राहून दार सांभाळणं, स्वयंपाक करणं अशी कामं केली आणि मोकळा वेळ मिळाला की साक्रामेंतासमोर बसले. 1592 मध्ये विलारेयाल इथे त्यांचं निधन झालं, 1690 मध्ये संतपद मिळालं. 1897 मध्ये पोप लिओ तेरावे यांनी त्यांना युखरिस्टिक काँग्रेसचे, म्हणजे याच साक्रामेंताच्या भक्तीसाठी भरणाऱ्या कॅथलिक मेळाव्यांचे, आश्रयदाते संत घोषित केलं. गंमत म्हणजे वेदीवर स्वतः कधीच मिस्सा न केलेल्या माणसाला हा मान मिळाला! 1964 मध्ये मुंबईत पोप पॉल सहावे ज्यासाठी आले होते, ती हीच काँग्रेस.