वास आणि वारंवार फुले, दोन्ही देणारा गावठी गुलाब

आपण विचारले आहे की अंगणात झुडपासारखा वाढणारा, वास असलेला आणि पुन्हा पुन्हा फुलणारा कोणता गुलाब लावावा, आणि ‘वास हवा असेल तर सतत फुले मिळत नाहीत’ हे नर्सरीवाल्याचे म्हणणे खरे आहे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण हेच वाक्य मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून अनेक वर्षे ऐकत आलो आहे. ते चूक आहे.

हा समज कुठून आला ते समजू शकते. पुष्कर आणि हळदीघाटीकडचा, अत्तराचा आणि गुलाबपाण्याचा चैती गुलाब नावाप्रमाणे चैत्राच्या सुमारास एकदाच बहरतो, आणि वासात त्याचा हात धरणारे दुसरे फूल नाही. परंतु आपल्याकडे ज्याला गावठी गुलाब किंवा एडवर्ड म्हणतात तो निराळा. हिंदी महासागरातल्या बूर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रियुनियनवर, चिनी गुलाब आणि शरदातही फुलणारा दमास्क गुलाब यांची कुंपणे शेजारी शेजारी लावलेली असत. त्यांच्या आपोआप झालेल्या संकरातून हा गुलाब निघाला असे मानतात, आणि १८२०च्या सुमारास त्याचे बी पॅरिसला पोहोचले. बहुतेक रानगुलाबांत पहिला बहर संपला की पुढची फुले रोखून धरणारे एक जनुक असते. चिनी गुलाबात ते निकामी झालेले आहे, म्हणून त्याची जवळजवळ प्रत्येक नवी फांदी टोकाला कळी घेऊनच थांबते. एडवर्डने वास दमास्ककडून घेतला आणि फुलण्याची सवय चिन्याकडून.

साताऱ्याजवळच्या आमच्या घरी न्हाणीच्या मागे, सांडपाण्याच्या चरावर, आईने लावलेले असे एक झुडूप होते. सकाळच्या पूजेपुरती फुले त्यावर जवळजवळ वर्षभर मिळत आणि थंडीत गुलकंदाची बरणी भरण्याइतकी निघत. घराची दुरुस्ती निघाली तेव्हा दादाने ते ‘नुसता खुंट’ (ज्यावर दुसऱ्या गुलाबाचा डोळा बसवून, म्हणजे डोळा भरून, कलम करतात ते मुळाचे झाड) म्हणून मुळासकट काढले आणि तिथे बारा कलमी गुलाब लावले. पहिल्या थंडीत फुले मोठी आली, ताठ देठांची, रंगही सुंदर, पण वास जवळजवळ नाही. जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. दुसऱ्या पावसाळ्यात शेंड्याकडून फांद्या काळ्या पडत गेल्या आणि बारांपैकी नऊ झाडे मेली. उरलेल्यांपैकी एकाला जोडाच्या, म्हणजे डोळा भरलेल्या जागेच्या, खालून लांबलचक फुटवे आले. दादाने माळ्याला ते कापायला सांगितले, कारण सात पानांचा फुटवा म्हणजे खुंटाचा फुटवा, आणि खुंटाचा फुटवा कलमाचे अन्न खातो, हे त्याने कुठेतरी वाचले होते. यातला पाना-पानांच्या मोजणीचा भाग भरवशाचा नाही. फुटवा जोडाच्या वर आहे की खाली, एवढेच पाहावे. मी त्या दिवशी माळ्याला थांबवले आणि दोन फुटवे राखले. त्यावरून आमच्यात झालेली बोलाचाली अजूनही पुरती मिटलेली नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला मी ते फुटवे छाटण्याऐवजी वाकवून जमिनीला समांतर बांधले. ताठ उभ्या फांदीवर फक्त शेंड्याकडचे डोळे फुटतात. आडवी केली की जवळजवळ प्रत्येक डोळा फुटतो, आणि प्रत्येक फूट कळीवर संपते. डिसेंबरच्या आरंभी त्या दोन फांद्यांवर गडद गुलाबी फुलांचे घोस आले; कलमाचा खुंट एडवर्डच होता. मी पहिले फूल आईच्या हातात दिले. तिने ते नाकाशी धरले आणि कोठीतली मोठी बरणी धुऊन उन्हात ठेवायला सांगितले. दादा तेव्हा तिथेच उभा होता.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: गावठी गुलाब लावा, आणि कलम न घेता छाटकलमावर, म्हणजे स्वतःच्या मुळांवर वाढलेला घ्या. ओळखीच्या कुणाकडून पेन्सिलीच्या जाडीची, वीतभर लांबीची पक्की काडी आणून पावसाळ्यात लावली तरी तो लागतो, आणि वरचा भाग कधी मेला तरी खालून तोच गुलाब पुन्हा येतो. दोन झाडांत किमान मीटरभर अंतर ठेवा. काळ्या जमिनीत खड्ड्यापेक्षा उंच वाफा बरा. छाटणी पावसाळा संपल्यावर करा, पुढे पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत फुले धरा, आणि छाटलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावायला विसरू नका. सुकलेली फुले झाडावर ठेवू नयेत. पाच पर्णिकांच्या (एकाच देठावर पाच छोटी पाने असलेल्या) पहिल्या पानापर्यंत देठ कापला की नवी फूट लवकर येते. फुले उन्हाआधी तोडावीत, कारण ऊन चढले की वास उडू लागतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. हे फूल फुलदाणीसाठी नाही. दुसऱ्या दिवशी पाकळ्या गळतात. काटे पुष्कळ आहेत, आणि झुडूप माणसाच्या उंचीला जाते, तेव्हा लहान कुंडीत त्याची दैना होते. वैशाखात फुले बारीक आणि फिकी येतात, मुसळधार पावसात पानांवर काळे ठिपके पडतात. कोकणात हा त्रास अधिक होईल. गुलकंद करायचा असेल तर त्या झुडपावर कीटकनाशक मुळीच मारू नका. आणि माझा अनुभव ऐकून प्रत्येक खुंटाचा फुटवा राखू नका. सगळे खुंट एडवर्डचे नसतात. काही ठिकाणी मल्टिफ्लोरा नावाच्या रानगुलाबावर डोळा भरतात, आणि त्याला बारीक पांढरी फुले वर्षातून एकदाच येतात. फुटवा एकदा फुलू द्यावा, मग ठरवावे. एवढ्यापुरते दादाचे म्हणणे बरोबर होते, आणि ते मी त्याला सांगितलेही आहे.

तीन वर्षांपूर्वी मी याच झुडपाची दोन छाटकलमे त्याच्या नाशिकच्या अंगणात लावून आलो. डोळा भरायला दोन चांगले खुंट मिळाले, असे तो तेव्हा म्हणाला होता. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा दोन्ही झुडपे कमरेएवढी झाली होती, आणि एकावरही त्याने डोळा भरलेला नव्हता.