लंडनचा भाव उतरला, मग आमचा इनगॉट का उतरत नाही?

अॅल्युमिनियमच्या धंद्यातल्या वाचकांच्या या वेळच्या पत्रांत भाव, अमेरिकेचं शुल्क आणि इलेक्ट्रिक गाड्या हे तीनच विषय फिरून फिरून आले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं छापलेली नाहीत, कारण बहुतेकांनी ग्राहक कंपनीबद्दल मोकळेपणाने लिहिलं आहे आणि धंदा तर तिथेच करायचा आहे.

आमच्याकडे प्रेशर डाय-कास्टिंगच्या (वितळलेला धातू दाबाने साच्यात भरायच्या) दोन मशीन आहेत, दुचाकीची कव्हर आणि ब्रॅकेट काढतो. पेपरात लंडनचा भाव पडल्याची बातमी येते, पण एडीसी-12 या ओतकामाच्या मिश्रधातूचे इनगॉट, म्हणजे लाद्या, देणारा रुपयाने खाली येत नाही. वर गेला की मात्र त्याच दिवशी फोन. हे काय गौडबंगाल? – वाळूज

गौडबंगाल अर्धंच आहे. तुम्ही भाव एका मालाचा बघताय आणि विकत दुसरा घेताय. लंडन मेटल एक्स्चेंजवर जो भाव निघतो तो 99.7 टक्के शुद्ध प्राथमिक धातूचा, म्हणजे नाल्को, हिंदाल्को, वेदांता बॉक्साइटपासून काढतात त्याचा. तुमचा एडीसी-12 बनतो भंगारातून. त्यात 9.6 ते 12 टक्के सिलिकॉन आणि दीड ते साडेतीन टक्के तांबं. तांबं चढलं की इनगॉट चढतो, मग लंडनला अॅल्युमिनियम झोपलेलं असलं तरी. शिवाय आपल्याकडचं बरंचसं भंगार बाहेरून येतं. त्यावर डॉलरचा दर, कंटेनरचं भाडं आणि 2.5 टक्के मूळ आयात शुल्क बसतं.

त्यात अमेरिकेने 2025 मध्ये अॅल्युमिनियमवर मोठं शुल्क लावलं, पण भंगाराला त्यातून सूट ठेवली. परिणाम उघड आहे. तिथल्या भट्टीवाल्यांना बाहेरचा इनगॉट महाग आणि भंगार बिनशुल्काचं, म्हणून ते भंगार स्वतःकडेच ओढू लागले. आपल्या बंदरांत येणाऱ्या मालावर त्याचा ताण येणारच. फोन तेवढा त्याच दिवशी येतो, ती मात्र व्यापाऱ्याची चलाखी. त्यावर माझ्याकडे औषध नाही, दुसरा पुरवठादार उभा ठेवणं एवढंच.

पण तुमचं खरं नुकसान भावात नसून दर ठरवण्याच्या पद्धतीत आहे असं तुमच्या पत्रावरून दिसतं. मागच्या तिमाहीच्या सरासरीवर या तिमाहीचा दर, अशी तुमची ऑर्डर आहे. भाव चढता असेल तेव्हा फरक तुम्ही खिशातून भरता आणि तीन महिन्यांनी तो हळूहळू वसूल होतो. उतरत्या बाजारात फायदा व्हायला हवा, पण तोवर गोदामात महागाचा माल पडलेला असतो. परचेसवाल्याकडे रुपया-दोन रुपये वाढवून मागण्यात शक्ती घालवू नका. तिमाहीऐवजी मासिक दर मागा. मोठी कंपनी दर देत नाही, पद्धत कधी कधी देते.

दुसरी गळती मेल्टिंग लॉसची, म्हणजे वितळताना जळून जाणाऱ्या धातूची. बहुतेक कोटेशनमध्ये 4 टक्के घट धरलेली असते, तीही कास्टिंगच्या वजनावर. आता भट्टीजवळ उभं राहून बघा. शॉट, म्हणजे एका वेळी साच्यातून निघणारा तुकडा, बाहेर येतो तेव्हा त्यात पार्ट असतो, शिवाय रनर, बिस्किट, ओव्हरफ्लो हा साच्याच्या वाटांत गोठलेला जादा धातू असतो. समजा शॉटमध्ये पार्टचं वजन 60 टक्के. म्हणजे 1 किलो पार्टसाठी तुम्ही जवळपास 1.67 किलो धातू वितळवता. उरलेला परत भट्टीत जातो आणि परत जळतो. 4 टक्के घट त्या सगळ्या धातूवर बसते, म्हणजे 1 किलो पार्टमागे 40 नाही, सुमारे 70 ग्रॅम. इनगॉट 220 रुपये किलो धरला तर कोटेशनमध्ये 9 रुपयेही नाहीत आणि जातात 15. वरून पोरगं घाईघाईत राख ओढतं, तिच्याबरोबर चमकणारा धातूही ओढला जातो आणि ती राख भंगारवाला पोत्याच्या भावाने नेतो. एक महिना राखेचं वजन लिहून ठेवा. आकडा बघून तुम्हालाच राग येईल.

एमसीएक्स या वायदे बाजारात हेजिंग, म्हणजे वायद्याचा सौदा करून भावाचा धोका झाकणं, करावं का, असंही तुम्ही विचारलंय. तिथे मोठा लॉट 5 टनांचा, मिनी 1 टनाचा. पण तो भाव प्राथमिक धातूचा, आणि तुमचा धोका एडीसी-12 चा. दोन्ही एका दिशेने चालतीलच असं नाही. तुमच्या आकाराच्या कारखान्याने लांब राहावं.

स्लायडर खिडक्यांचं काम करतो. कोटेशन देतो आणि पंधरा दिवसांत सेक्शनचा भाव बदलतो. – लातूर

खिडकीचा सेक्शन 6063 मिश्रधातूचा. त्याच्या बिलेटमध्ये (ज्या गोल ठोकळ्यातून सेक्शन काढतात त्यात) शुद्ध धातू जास्त, म्हणून तो लंडनच्या भावामागे एडीसी-12 पेक्षा बराच इमानाने चालतो. कोटेशनवर "भाव 7 दिवसांपुरता" असं छापा आणि ॲडव्हान्स आला त्याच दिवशी माल उचला. आणि जाडी मोजायचा व्हर्निअर खिशात ठेवा. फुटावर स्वस्त मिळालेला सेक्शन बहुतेक वेळा भिंतीला पातळ असतो.

आम्ही मशीन केलेले कास्टिंग अमेरिकेला पाठवतो: थोडे मोटारींचे, थोडे पंपाचे. ग्राहक म्हणतो 50 टक्के शुल्क लागलं, निम्मं तुम्ही सोसा. युरोपचा ग्राहक वेगळाच, तो कार्बनचा तक्ता मागतोय. – चिकलठाणा

आधी अमेरिका. निम्मं सोसायला हो म्हणण्याआधी ग्राहकाला विचारा, शुल्क कस्टम्सच्या कोणत्या वस्तू-कोडखाली लागलं? अमेरिकेने अॅल्युमिनियमवर 2018 मध्ये 10 टक्के लावलं होतं. ते 12 मार्च 2025 ला 25 आणि 4 जून 2025 ला 50 टक्के झालं. ऑगस्टमध्ये अॅल्युमिनियम-पोलाद असलेल्या आणखी 407 कोडच्या वस्तू त्या यादीत गेल्या. पण मोटारींच्या सुट्या भागांसाठी वेगळा आदेश आहे. त्यांच्यावर 3 मे 2025 पासून 25 टक्के. आणि एकाच मालावर ही दोन्ही शुल्कं चढवायची नाहीत, असा 29 एप्रिल 2025 चा आदेश आहे. मोटारीचा भाग म्हणून शुल्क बसलं तर अॅल्युमिनियमचं बसत नाही.

म्हणजे तुमच्या मोटारीच्या हाउसिंगला (बाहेरच्या आवरणाला) ग्राहकाने 50 टक्क्यांचं बिल दाखवलं असेल तर कागद बघायला हवा. पंपाचा भाग मात्र यादीत असू शकतो. 2025 च्या आदेशांनुसार धडा 76 (कस्टम्स यादीतला अॅल्युमिनियमचा धडा) बाहेरच्या वस्तूंवर 50 टक्के फक्त त्यातल्या अॅल्युमिनियमच्या किमतीवर लागत होते, पूर्ण पार्टच्या नाही. तुमच्या शिपमेंटला तो नियम लागत असेल तर मशीनिंग, कोटिंग, असेंब्लीची किंमत वेगळी दाखवता आली पाहिजे, आणि ती सिद्ध करण्याइतके कागद तुमच्याकडे हवेत. धातू कोणत्या देशात वितळला, कुठे ओतला, हेही ते विचारतात. रशियन अॅल्युमिनियमवर 2023 पासून 200 टक्के शुल्क आहे, म्हणून ही चौकशी. इनगॉटवाल्याकडून लॉटप्रमाणे लेखी घ्या, तोंडी नको. वॉशिंग्टनहून नवा आदेश कधीही निघतो. त्यामुळे प्रत्येक शिपमेंटआधी ग्राहकाच्या कस्टम्स ब्रोकरकडून कोड आणि दर ई-मेलवर मागवा. आणि शुल्क भरायची जबाबदारी कायद्याने आयातदाराची आहे. तुम्ही सोसाल ती सवलत, कर नव्हे. ती द्यायचीच तर मुदत घालून द्या, नाहीतर शुल्क उतरलं तरी तुमचा दर खालीच राहील.

आता युरोप. सीबीएएम, म्हणजे कार्बनचा सीमाकर, 1 जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष लागू झाला. अॅल्युमिनियमसाठी सध्या फक्त थेट उत्सर्जन मोजतात, विजेचं नाही. भट्टीत जळणारा गॅस, फर्नेस ऑइल आणि वापरलेल्या धातूचा मागचा हिशेब यात येतो. वापरून झालेल्या भंगाराचं मागचं उत्सर्जन शून्य धरलं जातं, त्यामुळे भंगारातून आलेल्या इनगॉटवाल्यांना इथे फायदा आहे. लहान आयातदाराला वर्षाला 50 टनांपर्यंत सूटही आहे, पण ती त्याची, तुमची नव्हे. आणि नियम कोडवर चालतो. मोटारींचे सुटे भाग म्हणून 8708 खाली जाणारा माल मूळ यादीत नाही. 7616 खाली "इतर वस्तू" म्हणून जाणारा आहे. गॅसचं मीटर पार्टनिहाय लावायला जमत नसेल तर निदान भट्टीनिहाय लावा.

भंगाराचा धंदा आहे. गाडीवाले, फेरीवाले यांच्याकडून घेतो. जीएसटीचं नीट कळत नाही. शिवाय फाउंड्रीवाला माल परत पाठवतो. – जालना

10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं तर कर नोंदणीकृत खरेदीदाराने स्वतः भरायचा. 18 टक्के, आणि तो रोखीतच. क्रेडिटमधून चालत नाही. नंतर इनपुट क्रेडिट मिळतं, पण मधले दिवस पैसा अडकतो. दोघेही नोंदणीकृत असतील आणि व्यवहार अडीच लाखांवर असेल तर 2 टक्के टीडीएस. या धंद्यात वहीपेक्षा शब्दावर जास्त चालतं हे मला ठाऊक आहे, पण या दोन गोष्टींत शब्द उपयोगाचा नाही.

माल परत का येतो? जर्मनची भांडी, खिडकीचे सेक्शन आणि इंजिनचं भंगार एकाच ढिगात जातं म्हणून. सेक्शनमध्ये मॅग्नेशियम असतं, एडीसी-12 ला ते 0.3 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. आणि इंजिनच्या तुकड्यात रुतलेला एक लोखंडी बोल्ट पूर्ण घाणाला त्रास देतो. वितळलेल्या अॅल्युमिनियममध्ये गेलेलं लोखंड साध्या भट्टीत काढता येत नाही. ते मँगनीज, क्रोमियमबरोबर कडक खडे करतं. पुढे मशीन शॉपमध्ये त्या खड्यावर ड्रिल तुटतं आणि शिव्या तुम्हाला बसतात. हातोडा, चुंबक आणि तीन वेगळे ढीग केले तरी तुमचा भाव वाढेल.

भंगारावरचं आयात शुल्क वाढवा, अशी मोठ्या उत्पादकांकडून अधूनमधून मागणी होते. माझं मत तिच्या विरोधात आहे. प्राथमिक धातूवर 7.5 टक्के संरक्षण आहेच. भंगारावर आणखी चढवलं तर झळ ओडिशातल्या मोठ्या उत्पादकांना नाही, वाळूजच्या छोट्या फाउंड्रींना बसेल.

बिडकीनला इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांचे कारखाने येणार म्हणतात. आमचं सगळं काम इंजिनच्या कव्हरचं. धंदा बसणार का? – वाळूज, पंढरपूर नाका

काही भाग जाणार, हे खरं. सिलिंडर हेड, क्रँककेस, क्लच कव्हर ही इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये नसतात. पण चाकं, फोर्कचा खालचा भाग, ब्रेकचे भाग, फूटरेस्टचे ब्रॅकेट राहतात. नव्याने मोटरचं हाउसिंग, बॅटरीची पेटी, कंट्रोलरचं उष्णता बाहेर टाकणारं आवरण येतं. हायब्रिडमध्ये तर इंजिनही आणि मोटरही. वजन हे इथलं मुख्य कारण. अॅल्युमिनियमची घनता 2.7, पोलादाची 7.85. पण त्याचा ताठरपणाही पोलादाच्या एक तृतीयांशच, म्हणून भाग जाड करावा लागतो आणि कागदावरची बचत पूर्ण पदरात पडत नाही. स्वस्त गाडीत म्हणूनच पोलादी पत्रा अजून टिकून आहे.

अडचण कुठे आहे? कव्हरमध्ये थोडी पोरोसिटी, म्हणजे आतली बारीक छिद्रं, असली तरी आतापर्यंत चालत होतं, फार तर तेल पाझरायचं. बॅटरीच्या पेटीत आणि मोटरच्या हाउसिंगमध्ये पाणी शिरून चालत नाही. आयपी67 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. तिथे लीक टेस्ट, एक्स-रे, व्हॅक्यूम डाय-कास्टिंग आणि गरज पडली तर रेझिनचं इम्प्रेग्नेशन (रेझिनने छिद्रं बुजवणं) लागतं. नवी मशीन घेण्याआधी तुमच्याकडच्याच एका कव्हरवर लीक टेस्ट सुरू करा आणि रिजेक्शन किती निघतं ते बघा. डिगॅसिंग (विरघळलेला वायू काढणं) न करता ओतलेला धातू तिथे लगेच उघडा पडतो, पावसाळ्यात तर जास्तच, कारण ओल्या इनगॉटमधून हायड्रोजन धातूत जातो.

बिडकीनबद्दल: टोयोटा किर्लोस्करने जुलै 2024 मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, इलेक्ट्रिक स्कूटरवाल्या एथरनेही तिथल्याच ऑरिक औद्योगिक नगरीत कारखाना जाहीर केला. करार म्हणजे ऑर्डर नव्हे. मोठी कंपनी पहिली काही वर्षं जुने पुरवठादारच सोबत आणते. त्यांच्या थेट दारात उभं राहण्यापेक्षा त्या पुरवठादारांचं जादा काम धरा. कर्ज काढून शेड बांधून वाट बघू नका.

डिप्लोमा झाला आहे. डाय-कास्टिंगमध्ये शिकायचं तर काय शिकू? – पैठण

मशीन चालवणारे पुष्कळ आहेत. डायची दुरुस्ती करणारे आणि स्पेक्ट्रोमीटरचा (धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट वाचून भट्टीत काय घालायचं ते सांगणारे कमी. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये चौकशी कर आणि प्रवेशाआधी एखाद्या फाउंड्रीत रात्रपाळीला जाऊन बघ. उष्णता सोसते का, ते आधी कळायला हवं.